अडीच गोल आणि एक शिट्टी

मित्रांनो, माझ्या पितळेवर आता हिरवट डाग पडले आहेत आणि ओठांच्या स्पर्शाने माझे तोंड एका बाजूला झिजले आहे. तरीही मी वाजते. मी पंचाच्या गळ्यातली जुनी शिट्टी आहे, आणि माझी कहाणी मी तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही ती शांतपणे ऐकाल, अशी माझी अपेक्षा आहे. मोठ्या माणसांकडून मी ती अपेक्षा ठेवणे केव्हाच सोडून दिले.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला आकार मिळाला. पोटात बुचाची एक लहानशी गोळी बसवण्यात आली. फुंकर मिळाली की ती गोळी गरगर फिरते आणि माझा आवाज थरथरत दूर जातो. बाहेर पडण्यापूर्वी एका कारागिराने मला वाजवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. माझ्या आवाजाने संतुष्ट झालेला तो बहुधा एकमेव मनुष्य, कारण त्याच्यासमोर कोणताही सामना चालू नव्हता.

मंगरूळपीरच्या एका दुकानातून मला रामराव सरांनी विकत घेतले. ते शाळेत खेळ शिकवीत. कबड्डी आणि खो-खो सगळेच शिकवतात. रामराव सरांनी सायकल पोलो आणला. मडगार्ड काढलेल्या जुन्या सायकली, बांबूच्या दांड्याला लाकडी ठोकळा बसवून केलेल्या स्टिक, आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळे झालेले एखादे पटांगण, एवढ्यावर हा खेळ सुरू झाला. नियम पुष्कळ आहेत, पण त्यांतला मुख्य नियम पहिलीतल्या मुलालाही कळेल: पाय जमिनीला टेकलेला असताना चेंडू मारायचा नाही. सायकलवर तोल सांभाळता येत नसेल, तर गोल करण्याचा अधिकारही नाही.

नियम सोपा आहे, पाहणे कठीण. खेळाडू आठ, पाय सोळा, धूळ अमाप आणि पंचाचे डोळे दोन. पाय टेकला की सर मला फुंकत आणि सायकली थांबत. त्या वर्षांत मला मान होता. अनसिंगपासून आसेगावपर्यंत मुले म्हणत, "सरची शिट्टी वाजली, उतर खाली!"

पुढे स्पर्धा मोठ्या झाल्या. करंडक आला, मंडप आला, ध्वनिक्षेपक आला. आसेगावच्या मैदानावर एक फलक लागला. त्यावर 'खिलाडूवृत्ती' हा शब्द इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता की मैदानावर त्याच्यासाठी वेगळी जागा उरली नाही. मध्यरेषेसमोर एक सोफा मांडला गेला. त्यावर स्पर्धेचे आश्रयदाते दौलतराव बसत. गावात त्यांचे शेत मोठे, शब्द त्याहून मोठा.

एका सामन्यात रामराव सरांनी आसेगावच्या संघाविरुद्ध मला वाजवले. दौलतराव सोफ्यावरूनच म्हणाले, "सर, तुमचा चष्मा बदलाले आला आता." लोक हसले. पुढच्या वर्षी सरांना बोलावणे आले नाही. त्यांच्या जागी स्पर्धेच्या समितीने एक विजेचा भोंगा आणला. चेंडू गोलात गेला की निवेदक बटण दाबी आणि भोंगा गर्जे. भोंग्याला फाउल दिसत नसे. त्याचा हा गुण सर्वांना फार आवडला.

मी सरांच्या घरी, डांबरगोळ्यांच्या शेजारी, एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिले. माझी दोरी कुजली. पोटातली गोळी एका जागी चिकटली. मित्रांनो, वस्तूला गंज हवेने चढतो, हे तुम्ही विज्ञानात शिकता. काही गंज टाळ्यांनीही चढतो. तो धडा अजून पुस्तकात आलेला नाही.

मग एक अडचण उभी राहिली. यजमानाच्या हातात भोंगा असलेल्या मैदानावर बाहेरचे संघ येईनासे झाले. स्पर्धा एकट्याने जिंकता येत नाही, हे समितीला उशिरा पण स्पष्ट कळले. तेव्हा पंच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कुणाला तरी बोलावणे भाग पडले. सरांखेरीज अशी व्यक्ती तालुक्यात एकच होती: धम्मदीपा. ती रामराव सरांची विद्यार्थिनी, मंगरूळपीरला एका कार्यालयात नोकरी करणारी. सरांनी डबा उघडला, मला कोमट पाण्यात धुतले, नवी दोरी ओवली आणि तिच्या हाती दिले.

"वाजते का सर अजून?" तिने विचारले.

"वाजते. थांबत कोनी नाही, ते पाहा लागते."

समितीने एक अट घातली होती. हा अंतिम सामना नीट पार पडला, तर पुढे दरवर्षी पंच धम्मदीपाच असेल. गडबड झाली, तर पंच ही भानगडच नको, भोंगा पुरेसा आहे. गडबड म्हणजे काय, हे कुणी सांगितले नाही. सर्वांना ते माहीत होते.

सामन्यापूर्वी पंचाचा सत्कार झाला. दौलतरावांनी शाल देताना धम्मदीपाला तिचे पूर्ण नाव दोनदा विचारले. मित्रांनो, आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे ओळख वाढवण्याचा हेतू क्वचितच असतो. तिने पूर्ण नाव दोन्ही वेळा, सारख्याच आवाजात सांगितले.

सामना आसेगाव विरुद्ध अनसिंग. आसेगावचा कप्तान हरीओम, दौलतरावांचा नातू, कॉलेजात शिकणारा आणि खरोखर उत्तम खेळणारा. अनसिंगचा कप्तान संघदीप. त्याची आई ललिताबाई पाण्याची कॅन घेऊन संघाबरोबर आली होती. दोन-दोन अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. हरीओम चेंडू घेऊन सुसाट निघाला, वळणावर त्याची सायकल कलली, त्याचा उजवा पाय जमिनीला टेकला आणि त्याच क्षणी त्याने चेंडू मारला.

धम्मदीपाने मला फुंकले. माझ्या पोटातली गोळी जिवाच्या आकांताने फिरली. पण चेंडू गोलात शिरला आणि भोंगा गर्जला. माझा आवाज त्यात बुडाला. लोक मैदानात धावले, गुलाल उडाला.

धम्मदीपा फाउलच्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. ती हलली नाही. तिच्या छातीवर टेकलेली मी तिचे काळीज ऐकत होते. ते मुळीच शांत नव्हते.

दौलतराव सोफ्यावरून उठून आले. "मॅडम, भोंगा वाजला. साऱ्या गावानं आयकला. तुमची शिट्टी कोनं आयकली?"

"आयकनं लोकाइचं काम हाय, काकाजी. वाजवनं माहं. मी वाजवली."

"पाय टेकलेला कोनाले दिसला?"

"मले दिसला. त्याच्याचसाठी तुमी मले बलावलं."

आता मित्रांनो, आमच्या भागातली एक रीत सांगते. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा तंटा असो की विहिरीच्या पाण्याचा, चार जाणती माणसे बसतात आणि अर्धे-अर्धे करून देतात. शेतात ही रीत शहाणपणाची आहे. तिने पुष्कळ डोकी फुटण्यापासून वाचवली आहेत. दौलतरावांनी ती मैदानावर आणली.

"आसं करू," ते उदारपणे म्हणाले, "भांडनात काय ठेवलं? आर्धा गोल आमी सोडला, आर्धा तुमी द्या. आमचे आडीच, त्याइचे दोन. कोनाचंच मन नाही दुखलं!"

क्रीडाविश्वाला हजारो वर्षांत न सुचलेला अर्धा गोल त्या दुपारी आसेगावात जन्माला आला. समितीने माना डोलावल्या. संपूर्ण विजयासाठी अर्धाच गोल पुरतो, हे गणित कुणी मोठ्याने मांडले नाही.

ललिताबाई धम्मदीपाजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मान्य कर व बाई. आमाले याच रस्त्यानं घरी जा लागते."

खरी कसोटी हीच होती. दमदाटीला नकार देणे तुलनेने सोपे असते. काळजीने केलेल्या विनंतीला नकार देणे फार कठीण. 

धम्मदीपा म्हणाली, "काकाजी, पाय आर्धा नोता टेकला. चेंडू इथं आना. अनसिंगची फ्री हिट हाय."

तेवढ्यात निवेदक अनुपला राहवले नाही. तो ध्वनिक्षेपकावर ओरडला, "मंडळी, इतिहासात पयल्यांदाच! आसेगाव आडीच, अनसिंग दोन! हरीओम भाऊनं मारला आर्धा गोल!"

सगळे मैदान हसले. अनसिंगची मुले हसली, आसेगावची हसली, झाडावर चढून बसलेली हसली. कुणीतरी ओरडले, "ओ आडीच भाऊ, घरी पाव घेऊन जाजा!"

हरीओमचा चेहरा लाल झाला. त्याने सायकल वळवली, गोलातून चेंडू काढला आणि आणून धम्मदीपाच्या पायाशी ठेवला.

"काय करून राह्यला बे?" दौलतराव गरजले.

"आबा, तुमी बसा ना जरा! आडीच गोलानं जितलो तं पोट्टे मले जिंदगीभर आडीच म्हनतीन. जितीन तं पुरा जितीन."

त्याला त्या क्षणी न्यायाचा साक्षात्कार झाला, असे मी म्हणणार नाही. त्याला लाज वाटली. पण मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, आणि न्यायाने जेवढी कामे केली असतील, त्याहून जास्त कामे अशा लाजेने केली आहेत. मी तिला कमी लेखत नाही.

संघदीपने फ्री हिट मारली. चेंडू खांबाला लागून परतला. आणि शेवटच्या क्षणांत हरीओमनेच पुन्हा चढाई केली. या वेळी सायकल कलली, पण त्याने तोल सावरला. पाय पॅडलवरच राहिला. चेंडू गोलात गेला.

भोंगा वाजला नाही.

अनुपचे बोट बटणावर होते आणि डोळे धम्मदीपावर. सगळे मैदान तिच्याकडे पाहत होते, दौलतरावसुद्धा. तिने श्वास घेतला आणि मला फुंकले. गोल! मग भोंगा वाजला, मग गुलाल उडाला.

ललिताबाई कॅन उचलत फणकारल्या, "एवढी भांडली अन् शेवटी त्याइलेच देल्लं!"

"मी नाही देल्लं मावशी, त्यानं मारलं," धम्मदीपा म्हणाली. ललिताबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिले आणि प्यायला पाणी दिले.

जाताना दौलतराव सोफ्याची उशी झटकत, कुणाकडेही न पाहता बोलले, "पुढच्या साली लवकर येजा. मॅच टायमावर सुरू झाली पायजे." आमच्या भागात याला निमंत्रण म्हणतात.

मित्रांनो, मला जपायला फार काही लागत नाही. सामना संपल्यावर मला कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, डब्यात कोंडू नका. तुमच्या बाजूने वाजले म्हणून माझे कौतुक करू नका. त्याने माझा काही लाभ होत नाही. मी तुमच्या विरुद्ध वाजेन, तेव्हा मात्र ब्रेक दाबा, खाली उतरा आणि चेंडू स्वतः उचलून आणा. तेवढे केलेत, तर माझा आवाज भोंग्याहून लहान असला तरी पुरेल.