भट्टीवरची झावळी

मी झावळीची एक पाती बोलतेय. जरा जवळ या, माझ्याकडे वेळ थोडा आहे आणि आवाज मुळातच बारीक.

झाडावर होते तेव्हा माझ्यात विशेष असं काही नव्हतं. वारा आला की चारचौघींबरोबर सळसळायचं, एवढंच काम. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्हाला कापून चर्चमध्ये नेलं. फादरांनी आमच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि आम्हाला माणसांच्या हाती दिलं. मी एका बेकरीवाल्या बाईच्या वाट्याला आले. तिनं प्रार्थना चालू असतानाच मला दुमडून, मुरडून माझा क्रूस केला. हात सवयीचे होते, पण दुखलं, खोटं कशाला बोलू?

बेकरीत भट्टीच्या वर एक खिळा होता, तिथे माझी नेमणूक झाली. वर्षभर घर राखायचं आणि पुढच्या उपासाच्या दिवसांआधी परत चर्चमध्ये जायचं. तिथे जुन्या झावळ्या जाळतात आणि त्यांची राख लोकांच्या कपाळाला लावतात. त्या राखेनं माणसाला आपली पापं आठवावीत, म्हणून. जळायची भीती मलाही होती, पण आमच्या जातीत त्याला अपमान मानत नाहीत.

बाईचे दोन मुलगे बेकरी चालवायचे. थोरला पीठ मळायचा आणि कुरकुर करायचा. धाकटा भट्टी सांभाळायचा आणि गायचा, तेही बेसूर. याच्या गाण्यानं गिऱ्हाइकं पळतील, असं थोरला म्हणायचा. पण एखाद्या दिवशी धाकटा गप्प असला की थोरल्याचाच हात चालत नसे.

भट्टीचा बर्नर मध्येच भडकायला लागला होता. धाकट्यानं हे भावाच्या कानावर घातलं. थोरला म्हणाला, बघू, हातातल्या ऑर्डरी उरकू दे. पुन्हा सांगितलं तेव्हाही त्यानं कानाडोळा केला. मग एका सकाळी धाकट्यानं भट्टी पेटवली आणि ज्वाळा भट्टीच्या दारातून बाहेर आली. माझी एक कड करपली. धाकट्याचं काय झालं ते मी पाहिलं, पण सांगणार नाही. हॉस्पिटलमधून तो परत आला नाही, एवढं पुरे.

बेकरी बंद ठेवून भागणार नव्हतं, म्हणून भट्टीवर कारागीर ठेवला आणि थोरला गल्ल्यावर बसू लागला. काडीपेटीला तो हात लावेना. घरातला गॅससुद्धा आईच पेटवायची. कुणी विचारलं तर बर्नर जुना होता म्हणायचा आणि विषय बदलायचा. आईनं त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. त्याला तेच सोसवत नव्हतं.

जेवायला बसण्याआधी आई धाकट्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. देवापुढे उभं राहण्याआधी आत्म्याला एका आगीतून जावं लागतं, त्यात त्याचा उरलासुरला मळ जळून जातो, अशी तिची श्रद्धा. एका दुपारी थोरल्यानं ताट बाजूला सारलं.

"तिथंही आगच का, आई? इथं भाजला ते पुरलं नाही?"

आईनं ताट झाकून ठेवलं.

पुढे जुन्या झावळ्या आणून द्यायला चर्चमधून निरोप आला. थोरल्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि आईला ठणकावलं, या घरातलं आता काहीही आगीत जाणार नाही. ओलं असलं की पेटत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं मला पाण्याच्या पेल्यात उभं केलं, पेला आपल्या खोलीत खिडकीशी ठेवला आणि रोज पाणी बदलू लागला. वाळून कोळ झालेल्या पातीला पाणी पाजून काय होणार होतं? मी पुन्हा हिरवी होईन अशी त्याला आशा होती की काय, कोण जाणे. मला त्याची फार कीव यायची.

मी कुजू लागले. आधी काळे ठिपके पडले, मग बुरशी, मग वास. आगीला मी जन्मभर भ्यायले, पण हे पेल्यात उभं राहून सडणं तिच्याहून वाईट होतं. थोरलाही तसाच दिसायला लागला. दाढी वाढलेली, बोलणं तुटक, जेवण नावाला.

एकदा केर काढता काढता आईनं मला पाहिलं. ती केरसुणी ठेवून त्याच्या शेजारी खाटेवर बसली.

"तुझ्या भावाच्या आगीचं मला कळत नाही रे," ती म्हणाली. "ते देवाला ठाऊक. पण तू जे आत धरून बसलायस ना, ते पाण्यानं जायचं नाही."

त्यानं पेला उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "बर्नर मी दुरुस्त करून घ्यायला हवा होता."

"हो," आई म्हणाली.

इतक्या महिन्यांत त्याला हो म्हणणारं पहिलं माणूस ते. तो हुंदके देऊन रडला आणि आईनं त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

आज ती दोघं मला घेऊन चर्चच्या अंगणात आली आहेत. घमेल्यात बाकीच्या झावळ्या भडकन पेटल्या. मी ओली, नुसती धुमसत राहिले. चर्चच्या सेवकानं मला चिमट्यानं बाहेर काढलं, म्हणाला ही काही पेटायची नाही, मातीत पुरून टाकू. थोरल्यानं नकारार्थी मान हलवली. त्यानं मला उचललं आणि आगीवर धरलं, स्वतःच्या हातानं.

आधी माझ्यातलं पाणी गेलं, मग बुरशी, मग वास. जे माझं नव्हतं, तेच आगीनं सगळ्यात आधी नेलं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतकी भ्यायले नसते. आता मी पेटले आहे. मी शुद्ध झाले की नाही, ते मला सांगता यायचं नाही.

एकच मागणं आहे. ज्वाळा त्याच्या बोटांपर्यंत पोचली आहे आणि तो मला सोडत नाही. माझा आवाज त्याला ऐकू जात नाही. तुमच्यापैकी कुणीतरी पुढे व्हा आणि त्याला सांगा, बाबा रे, पेटली ती. आता हात मागे घे.