नेलपॉलिशची रेघ

समिधाने इंजिनच्या टॅपेटवरचं झाकण उचललं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या शुक्रवारी तिने टॅपेटची फट जागेवर धरणाऱ्या बाराही चेकनटांवर लाल नेलपॉलिशची एकेक रेघ ओढून ठेवली होती, नट आणि त्यातला स्क्रू दोन्हींवरून जाणारी. कोणी पाना लावला तर रेघ तुटणार. बाराच्या बारा तुटल्या होत्या.

"बाबा, ह्याला कोणी हात लावला?"

लवू मेस्त्री पाठमोरे उभे राहून रेडिएटरचा पाइप पुसत होते. तिने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"मिया? मिया कित्याक हात लावू गो?" पाइप पुसणं काही थांबलं नाही.

गाडी दोन दारांची, लाल, सत्तर सालातली. गॅरेजचे गिऱ्हाईक अबू नासिर यांच्या वडिलांची ती लाडकी स्पोर्ट्स कार. बापलेकीने पाच महिने शुक्रवारच्या सुट्टीवर पाणी सोडून तिचं सहा सिलिंडरचं इंजिन उघडलं, नवे पिस्टन घातले, कार्बोरेटर काढून इंधनाचं इंजेक्शन बसवलं. इंजेक्शन समिधाच्या डोक्यातलं. आखातातल्या ह्या शहरात, शर्कमधल्या कंपनीत ती इंजिनिअर. बाकी सगळी मेस्त्रींची तीस वर्षांची करामत. पण अर्दियातल्या ज्या गॅरेजात मेस्त्री कामाला, त्याचे मालक तौफीकभाई परवाच बोलून गेले होते, "लवूकाका, पुढच्या शुक्रवारी अबू नासिर स्वतः आवाज ऐकायला येणार. इंजिन खडखडलं, तर ह्या वयात तुम्हाला ठेवून घ्यायला मी तरी काय कारण सांगू?"

समिधाने फट मोजायची पत्ती घालून पाहिली. दहाची बसायला हवी, तिथे सोळाची जाड पत्तीही सहज सरकत होती. एवढी फट राहिली की टॅपेट पत्र्याच्या डब्यासारखे वाजणार. तिने बाराही पुन्हा बसवले, पुन्हा रेघा ओढल्या.

पहिला संशय शेजारच्या बाकावरच्या साबीर वायरमनवर. काकांची जागा त्याच्या डोळ्यांत भरलेली, हे सगळ्यांना ठाऊक.

"साबीरभाई, नेलपॉलिश आवडतं वाटतं तुम्हाला?"

साबीर खो खो हसला. "अगं बाई, आधी घरच्या चोराला विचार! काकाच रोज दुपारी जेवण सोडून त्या इंजिनवर वाकलेले असतात."

घरचा चोर! हे मात्र तिच्या काळजात रुतलं. रोज पहाटे हरिपाठ म्हणणारा माणूस तिच्या तोंडावर खोटं बोलला? आणि का? लेकीचं इंजेक्शन चाललं तर आपली मेस्त्रीगिरी फिकी पडेल म्हणून? ती त्यांच्यावर नजर ठेवू लागली. गावाहून आईचा फोन आला की ते हल्ली "रेंज नाय" म्हणून तिच्याच हातात देतात, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

गुरुवारी संध्याकाळी खैतान भागातल्या एका हॉलमध्ये चंद्रहासबुवांचं कीर्तन होतं. बुवा दिवसा गोदाम सांभाळतात, पण वीणा गळ्यात पडली की माणूस पालटतो. त्या दिवशी निरूपण श्रवणभक्तीचं. "देवाने दोन कान दिले आणि तोंड एकच दिलं, तरी आमचा हिशोब उलटाच!" सगळा हॉल हसला. समिधाचं लक्ष बापाकडे. नेहमी मागे टाळ घेऊन उभा राहणारा बाप आज थेट पेटीला खेटून बसला होता, तळहात पेटीच्या लाकडावर सपाट टेकवून. सगळे हसले तेव्हा त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि मग हसले.

आता कीर्तनात हे काय नवं? तिला कोडं सुटेना, पण राग वाढला.

शुक्रवारी सकाळी "जरा फिरान येतंय" म्हणून ते बाहेर पडले. दहा मिनिटांनी तीही निघाली. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत इंजिन सुरू, झाकण काढलेलं, आणि मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून वाकलेले. दुसऱ्या हातात पाना. नट सैल, आणखी सैल. टॅपेट तडतडू लागले तसा त्यांचा चेहरा गजरात रंगलेल्या माणसासारखा उजळला.

"बाबा!"

ते वळले नाहीत.

"बाबा!" दोन पावलांवरून. "अहो बाबा!"

तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं. हाताखालची थरथर थांबली, तेव्हा कुठे ते दचकून वळले.

 पेटी, फोन, उशिराचं हसू, सगळं समिधाच्या मनात एका क्षणात जागच्या जागी बसलं.

"कधीपासून?"

मेस्त्रींनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग हातातल्या पान्याकडे. "रमजानच्या आधीपास्ना. डावो कान पुरो गेलो. उजवो थोडो हा." मग अगदी हळू, "तू बसवलंस काय टॅपेट गप होतत. माका वाटायचा, इंजिन मेला."

"मग खोटं कशाला बोललात?"

"बहिरो मेस्त्री कोण ठेवीत गो?"

तिने पत्त्यांचं गेज उघडलं, दहाची पत्ती वेगळी काढून त्यांच्या बोटांत दिली. "कान राहू दे. बोटं शाबूत आहेत ना?"

पत्ती घासते किती, अडते किती, ते त्या बोटांना तिच्यापेक्षा नेमकं कळत होतं. सकाळपासून हात न लावलेल्या बाराव्या नटाशी ते थांबले, पत्ती पुन्हा सरकवून पाहिली आणि म्हणाले, "ह्यो तुझोच इल्लोसो घट्ट होतो." नेलपॉलिशच्या रेघाही त्यांनीच ओढल्या, गंध लावावं तशा.

दुपारच्या नमाजानंतर अबू नासिर आले. त्यांनी चावी फिरवून इंजिन सुरू केलं आणि बॉनेटपाशी येऊन डोळे मिटून ऐकू लागले. तौफीकभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा मेस्त्रींकडे बघत होते. मग अबू नासिर यांनी डोळे पुसले आणि तौफीकभाईंना काहीतरी सांगितलं.

लवू मेस्त्री लेकीच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतत?"

"म्हणतात, टॅपेटचा आवाजच येत नाही. वडिलांच्या वेळी असंच होतं."

मेस्त्रींनी मान डोलवली. "मग बरोबर. माकाव आवाज येना नाय."

आणि ह्या वेळी आधी तेच हसले.