डाव्या हाताची कात्री

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या आणि पहिल्या खुर्चीमागच्या माणसाला सगळे फटाफट म्हणत. नाव त्याला शोभायचंही. गिऱ्हाईक बसलं, गळ्याशी कापड बांधलं, की कात्री अशी चालायची की माणसाची तक्रार सांगून संपायच्या आत मानेवरून ब्रश फिरलेला असायचा. इतक्या वर्षांत त्याने दोनच तऱ्हा कापल्या होत्या, बारीक आणि मध्यम. कुणी तिसरं काही मागितलं तर तो मध्यमच कापायचा.

एका सकाळी दुकानातला दिवा बदलताना तो स्टुलावरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठ्यात पूर्वीची ताकद काही येईना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की या हाताने जेवाल, सही कराल, पण कात्रीचं बारीक काम विसरा.

दुकान दुसऱ्या खुर्चीवरचा जोडीदार सांभाळत होता. फटाफट घरी खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची डोकी बघायचा. कुणाचे केस कानांवर आलेत, कुणाचा भांग चुकलाय, हे मनातल्या मनात नीट करायचा आणि उसासे टाकायचा. बायकोने हे काही दिवस चालू दिलं. ती घरीच शिवणकाम करायची. मग एका दुपारी तिने जुन्या उशीतला कापूस काढून डोक्याएवढा गोळा शिवला, स्वेटर उसवून लोकरीचे केस लावले, दोऱ्याने डोळे, नाक, ओठ भरले, चिंध्यांचे कान जोडले आणि तो गोळा बरणीवर बसवून नवऱ्यापुढे ठेवला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "डाव्या हाताने कापा."

तो चिडला. कात्री उजव्या हाताचीच असते, डाव्यात धरली की केस कापण्याऐवजी दुमडतात, हे त्याने तिला ऐकवलं. ती उठली आणि कपाटातून डावखुऱ्यांची कात्री घेऊन आली. शिलाई मशीनच्या दुकानदाराला सांगून तिने ती आधीच मागवून ठेवली होती. त्याने बरणीभोवती कापड बांधलं.

तेव्हापासून नियम ठरला. सकाळचा चहा झाला की तासभर गिऱ्हाईक. मन लागो न लागो. हात दुखतोय म्हणाला की ती मशीन न थांबवता म्हणायची, "दुखतो तो उजवा. डाव्याला काय झालंय?" सुरुवातीला कंगवा एकीकडे आणि कात्री भलतीकडे जायची. कापसाच्या डोक्याचे कान तर पहिल्याच आठवड्यात गेले. संध्याकाळी बायको नवी लोकर लावायची. होता होता घरातले जुने स्वेटर संपले आणि ती शेजाऱ्यांचे मागून आणू लागली.

दाढीसाठी फुगे आले. फुग्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्याने अलगद काढायचा. फट फट आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या मावशी वाढदिवस कुणाचा म्हणून विचारायला आल्या. फुगे आणून द्यायचं काम मेहुण्याने पत्करलं होतं. त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. येताना तो दर वेळी टक्कल पुढे करून म्हणायचा, "दाजी, यावर शिका, काही बिघडायची भीती नाही."

खरं डोकं दिलं ते सासऱ्यांनी. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आपल्या दाट पांढऱ्या केसांचा त्यांना भारी अभिमान होता. त्यामुळे ते स्वतःहून खुर्चीत बसले तेव्हा जावयाने कात्री खाली ठेवली.

"केसच आहेत जावईबापू, पुन्हा येतील," ते म्हणाले. "कान तेवढे सांभाळा."

कान वाचले. बाकीचं मात्र असं झालं, की मुलीने बापाकडे पाहिलं आणि हसू आवरायला ती स्वयंपाकघरात पळाली. सासऱ्यांनी आरशात नीट निरखलं. डावी बाजू उजवीपेक्षा खाली आहे, मागे पायरी पडली आहे, हे सांगून ते टोपी घालून घरी गेले. केस वाढल्यावर परत आले. पुन्हा बसले, पुन्हा चुका सांगितल्या. या माणसाने कधी कौतुक केलं नाही की येणं चुकवलं नाही.

याच बैठकांत फटाफटच्या ध्यानात एक गोष्ट आली. उजवा हात आपोआप चालायचा, त्यामुळे डोक्याकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डाव्याला मात्र प्रत्येक बट दाखवावी लागे. भोवरा कुठे आहे, कुठला केस कुणीकडे झुकतो, कपाळ रुंद की अरुंद, हे आता त्याला दिसू लागलं, आणि त्यात त्याला गोडी वाटू लागली. तासाचा कधी दीड तास व्हायचा, आणि जेवायला उठवायला बायकोला दोनदा हाक मारावी लागायची. मग एका भेटीत सासऱ्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि टोपी खिशात घालून ते निघून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत फटाफट दारात उभा होता.

तो दुकानात परतला तेव्हा जुनी गिऱ्हाइकं प्रेमाने भेटली, चौकशी केली आणि घाई नाही म्हणत जोडीदाराच्या खुर्चीसाठी थांबून राहिली. दोन-तीन दिवस त्याने नुसते आरसे पुसले. अखेर एक परका माणूस आला आणि रिकामी खुर्ची बघून बसला. काम अर्ध्यावर आल्यावर तो सहज म्हणाला, "डावखुरे दिसता. लहानपणापासून?"

"नाही," फटाफट म्हणाला, "गेल्या हिवाळ्यापासून."

त्या माणसाने आरशात आपलं अर्धं डोकं पाहिलं, मग मान वळवून मागून पाहिलं. "छान झालंय की," तो म्हणाला. "उरलेलंही असंच करा."

बाकावर बसलेल्यांपैकी एक जण उठून फटाफटच्या खुर्चीमागे रांगेत उभा राहिला. मग दुसरा. काही महिन्यांत अशी वेळ आली, की लोक आपल्या मुलींना, बहिणींनाही घेऊन येऊ लागले, कारण आता तो प्रत्येक डोक्याला वेगळं कापायचा आणि आधी विचारायचा. वेळ भरपूर लागायचा. नाव फटाफटच राहिलं, आणि ते घेताना लोक मिश्किल हसायचे.

एका दुपारी त्याची बायको दुकानात आली. आपण डबा घरी विसरलो की काय, असं त्याला वाटलं. पण ती सरळ येऊन खुर्चीत बसली आणि तिने अंबाडा सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने एकदाही त्याला आपल्या केसांना हात लावू दिला नव्हता.

"कसे कापू?" त्याने विचारलं.

"मला काय शोभेलसं वाटतं तुम्हाला?"

तो तिच्याभोवती फिरून आला. केस हातात तोलले, हनुवटीपाशी धरून पाहिले, खांद्यापाशी धरून पाहिले. मग खांद्यापाशी ठरवलं. बाकावरच्या मंडळींनी सगळं वर्तमानपत्र वाचून काढलं तरी कुणी कुरकुरलं नाही. जोडीदाराने मधेच चहा सांगितला. काम झाल्यावर फटाफटने छोटा आरसा तिच्या मागे धरला. तिने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, बोटांनी टोकं चाचपली.

"अजून अगदी थोडे," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत टेकून बसली.

घरी जायला मागचा जवळचा रस्ता होता. ती मात्र बाजारातून, भर गर्दीतून, सगळ्यांना दिसतील असे मोकळे केस झुलवत गेली.