कानसेनांची पसंती

चष्म्याच्या दुकानातल्या त्या उंच खुर्चीत जो बसेल, त्याची यंदा सुटका नव्हती. नाकावर चाचणीची जड चौकट, एक डोळा झाकलेला, समोर अक्षरांचा तक्ता आणि कानाशी दुकानदाराचं चऱ्हाट.

"आता स्पष्ट दिसतंय की मघाशी? बरं. आणि हे बघा, मत द्यायचं ते त्या चौकडीच्या सीडीला. तिसरा भाग ऐका. बाकीचं नाही ऐकलंत तरी चालेल."

गिऱ्हाईक बिचारं पळणार कुठे? चौकट उतरेपर्यंत त्याला दुकानाचं दारही धड दिसत नसायचं.

दुकानदाराला सगळे कानसेन म्हणायचे. हे नाव शेजारच्या औषधवाल्याने ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव कुणी वाचेनासं झालं. कानसेनांना एकही वाद्य येत नव्हतं. शीळसुद्धा धड घालता येत नव्हती. पण ऐकण्याच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी वाद घालायला धजत नसे. दरवर्षी पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डिंगना पुरस्कार मिळायचे आणि त्यातला एक श्रोत्यांच्या मतांवर ठरायचा. नामांकनं जाहीर झाली की यांच्या अंगात यायचं. औषधवाल्याशी पैज ठरलेली असायची: जो हरेल त्याने जिंकणाऱ्याची लाडकी सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न बोलता ऐकायची. न बोलण्याची शिक्षा कानसेनांना फार जड जायची.

यंदा सुरुवातीला त्यांची लाडकी होती एक म्हातारी पियानोवाली. कित्येक वर्षांनी तिने रेकॉर्डिंगला होकार दिला होता. तिचा डावा हात आता दमतो, पण कुठे दमायचं ते त्याला कळतं, असं कानसेन कौतुकाने सांगायचे. औषधवाल्याने पसंती दिली होती दोन तरुण चेलोवाल्यांना, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या थोराड व्हायोलिनवाल्यांना.

"नुसता चकचकाट," कानसेन नाक मुरडत म्हणाले. "घासलेली भांडी मांडून ठेवल्यासारखं वाजवतात."

"मग काय खरकट्या भांड्यांत जेवतोस?" औषधवाला म्हणाला.

आणि याच यादीत एक तंतुवाद्यांची चौकडी होती. दोन व्हायोलिन, एक चेलो आणि एक व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि घरातल्या थोरलीसारखीच फारसं कुणाच्या लक्षात न येणारी. ती वाजवत होती कानसेनांची एकुलती एक लेक.

कानसेनांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, की पोरगी असली म्हणून मत फुकट मिळणार नाही. ते तत्त्वाचे वगैरे होतेच, पण खरं सांगायचं तर लेकीच्या वाजवण्यात त्यांना एक गोष्ट खुपायची. सुरावट संपत आली की ती शेवटच्या सुरावर केसभर लवकर उतरायची, जिन्याची शेवटची पायरी गाळून खाली उडी मारणाऱ्या पोरांसारखी. ती एवढीशी होती तेव्हापासून ते तिला टोकत आले होते. "सूर कुठे पळून चाललाय का? थांब की." बक्षिसं मिळाली, मोठ्या सभागृहांत वाजवून झालं, तरी कार्यक्रमानंतर बाबांचं एकच वाक्य: ठीक होतं, पण शेवटाला घाई केलीस.

तर ती सीडी त्यांनी लावली. पहिले दोन भाग त्यांनी परीक्षकासारखे ऐकले, हात छातीशी बांधून. दुसरा भाग चालू असताना तर मधेच उठून चहाही गाळून आणला. मग तिसरा, संथ भाग सुरू झाला आणि कप हातातच राहिला. व्हायोला एकटीच पुढे आली होती. एकेक ओळ शेवटपर्यंत चालत जात होती, शेवटच्या सुरापाशी थांबत होती, त्याला पुरता श्वास घेऊ देत होती. घाईचं नाव नव्हतं. कानसेनांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला.

"अखेर जमलं तुला," ते म्हणाले. "तिसरा भाग. आयुष्यात असं वाजवलं नव्हतंस. मी रडलो, खरंच सांगतो."

पलीकडून ती म्हणाली, "बरं बाबा. ठेवते."

त्यानंतर तिचा फोन नाही. इतर वेळी एक दिवसाआड फोन करणारी पोर. कानसेन फोन करायचे तर ती उचलायची नाही, आणि उचललाच तर गडबडीत आहे म्हणायची. कानसेन जेवताना मधेच उठायचे. एकाच गिऱ्हाइकाचा नंबर दोनदा तपासायचे. म्हाताऱ्या पियानोवालीला त्यांनी निमूट बाजूला ठेवलं, मत चौकडीला देऊन टाकलं आणि दुकानात येईल त्याला धरून प्रचार सुरू केला. आपल्या तत्त्वांचं काय झालं, हे विचारायची हिंमत फक्त औषधवाल्याने केली.

"अहो, काहीतरी बोलला असाल तुम्ही तिला," बायको म्हणाली.

"अगं, कौतुक केलं मी."

"तुम्ही?" बायकोने भाजी निवडता निवडता मान वर केली. "मग घाबरली असेल."

हसण्यावारी नेलं तरी त्यांना चैन पडेना. पोरीला काय झालं? पुरस्काराची धास्ती, की आजारी आहे, की आपल्याच बोलण्यात काही खोट होती? ते फोनवरचं स्वतःचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा तपासायचे आणि त्यात त्यांना चूक सापडायची नाही. शांत व्हायला म्हणून तिसरा भाग लावायचे आणि ऐकून झाल्यावर आणखी बेचैन व्हायचे.

मतदान संपायच्या आदल्या दुपारी लेक आली. न कळवता, थेट दुकानात. खुर्चीत एक मास्तर बसले होते, आणि कानसेन त्यांच्या चौकटीत काच सरकवत तिसऱ्या भागाचं माहात्म्य सांगत होते. लेक दारात उभी राहून ते ऐकत होती. उजव्या अंगठ्याला मनगटापर्यंत पट्टा बांधलेला होता.

"बाबा, पुरे करा," ती म्हणाली.

मास्तरांचा नंबर कसाबसा उरकला गेला. ते गेल्यावर कानसेनांनी दाराची पाटी उलटी फिरवली. "हाताला काय झालं? फोनवर बोलली नाहीस ते."

"रेकॉर्डिंगच्या वेळीच झालं होतं. शीर सुजली." ती गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसली, कारण दुसरी खुर्ची काचांच्या खोक्यांनी भरली होती. "पहिला, दुसरा आणि चौथा भाग वाजवून झाला होता. संथ भाग शेवटच्या दिवसावर ठेवला होता. त्या दिवशी हातात गज धरवेना. स्टुडिओचं भाडं चालू होतं, बाकी तिघांच्या पुढच्या तारखा मोकळ्या नव्हत्या. मग आमच्या सरांकडे शिकलेली एक ताई आहे, तिला बोलावलं. ती आली, वाजवून गेली. नाव घालायचं नाही असं ठरलं. वेष्टनावर आम्हा चौघांचीच नावं आहेत."

कानसेनांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि सगळ्यात पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात काय आलं असेल, तर खुर्चीत बसवून पढवलेली ती सगळी गिऱ्हाइकं. त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

"म्हणजे तिसऱ्या भागात तू नाहीस."

"नाही."

"मला कळलं नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला कळेल. सगळ्या जगाला नाही कळलं तरी तुम्हाला कळेल. मी वाट बघत होते, बाबा फोन करतील आणि म्हणतील, ही कोण वाजवतेय? तुमचा फोन आला." तिने पट्ट्याची सुटलेली कड चाचपली. "इतकी वर्षं वाजवतेय. तुम्ही पहिल्यांदा रडलात, आणि ती मी नव्हते."

कानसेन गल्ल्यामागच्या स्टुलावर टेकले. त्यांना कसं कळणार होतं? घाई नव्हती, म्हणून ते धरून चालले होते, की आपलं टोकणं एकदाचं फळलं. आपलंच श्रेय त्यांना इतकं गोड लागलं, की लेक कुठे आहे ते बघायचं राहून गेलं. ती तिथे नाही हे सांगणारी खूण त्यांच्यासमोरच होती, आणि त्या खुणेवरच ते खूश झाले होते.

"आज सकाळी पुरस्कारवाल्यांना सगळं लिहून पाठवलं," ती म्हणाली. "सीडी बाद होईल. बाकी तिघं मला ठेवतील असं वाटत नाही."

"बरं केलंस."

"तुम्हाला विचारायला नाही आले मी. सांगायला आले." थोडं थांबून तिने विचारलं, "दुसरा भाग माझा आहे. त्यातही व्हायोलाच पुढे आहे. कसा वाटला?"

एरवी अशा प्रश्नाला कानसेनांकडे उत्तर तयार असायचं. आताही खोटं बोलता आलं असतं, आणि तिने कदाचित ते चालवूनही घेतलं असतं.

"नीट ऐकलाच नाही गं," ते म्हणाले. "मधे उठलो होतो."

लेकीने मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. कानसेनांनी उठून दुकानातल्या यंत्रावर दुसरा भाग लावला. ती खुर्चीत, ते उभे. सूर येत गेले. ओळ संपत आली आणि व्हायोला केसभर आधी खाली उतरली. कानसेनांची जीभ सवयीने वळवळली. त्यांनी ती आवरली. पुढची ओळ आली, तीही तशीच उतरली, आणि त्यांना आपली पोर समोर बसलेली असूनही त्या आवाजात जास्त जवळ वाटली. किती वर्षं हे ऐकतोय आपण, असं त्यांच्या मनात आलं.

भाग संपला. तिसरा आपोआप सुरू झाला तसे ते यंत्र बंद करायला धावले.

"राहू द्या," ती म्हणाली. "फार सुंदर वाजवलंय ताईने. मी रोज लावते. हात बरा झाला की तसं जमतंय का ते बघणार आहे."

"नको," कानसेन म्हणाले. "तू तसं वाजवू नकोस. तुझं आहे तसंच असू दे."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"मग बाबा," तिने विचारलं, "इतकी वर्षं कशाला सांगत होतात?"