तेराव्याचं गोड

माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या, तेराव्याला माझ्या पानात दोन बेसनाचे लाडू पडले. वाढले राजारामने, तिच्या धाकट्या भावाने. तो कुडाळहून आला होता.

"भावजी, तोंड गोड करूक व्हया. तेराव्याक गोड खाल्ल्याशिवाय उठूचा नसता."

मला आठ वर्षं साखर आहे. सुगंधा गेल्यापासून मी एकही गोळी घेतली नव्हती. शेजारी डबे पाठवत होते, त्यात असेल ते खात होतो. चहासुद्धा साखरेचा. ओरडणारं माणूस राहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जगायची फारशी इच्छाही नव्हती. मुलीच्या, अक्षताच्या, ते लक्षात आलं होतं. ती नुसती बघत होती.

सुगंधाला साखर निघाली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. आम्ही नुकतेच चारकोपला राहायला आलो होतो. आमच्या सोसायटीत तेव्हा साखरेचे दोनच पेशंट होते, त्यातली एक ही. आता घराआड एक आहे. तिच्या आईचा याच आजारात पाय कापावा लागला आणि ती बावन्नाव्या वर्षी गेली. सुगंधा सदुसष्टपर्यंत जगली. एकतीस वर्षं साखर, तरी डोळे चांगले, किडन्या चांगल्या. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट तिने क्वचितच सातच्या वर जाऊ दिला. शेवटी तिला नेलं ते डेंग्यूने.

या सगळ्याचा तिने कधी गाजावाजा केला नाही. लग्नाच्या पंगतीत बसायची, भात मूठभर घ्यायची, जिलबी शेजारणीच्या पानात टाकायची आणि गप्पा चालू ठेवायची. मी चिडवायचो, "एवढं करून अमर होणार आहेस काय?"

"नाही हो. पण दोन्ही पाय घेऊन जाईन."

तशीच गेली. मला ते कधी जमलं नाही. माझ्या गोळ्यासुद्धा तीच हातावर ठेवायची.

मी लाडू उचलला. अक्षता उठली आणि आतून साखर मोजायचं मशीन घेऊन आली.

"बाबा, आधी बोट."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"आई सगळ्यांसमोरच करायची."

तीनशे बारा.

"अगो बाय!" राजारामची बायको प्रेमा म्हणाली.

"दुःखान वाढता तसा," राजाराम म्हणाला. "एका लाडवान काय होतला?"

"राजाराम, तुझ्या बहिणीने एकतीस वर्षं सांभाळलं. मी तेरा दिवसांत वाट लावली. उचल ते लाडू."

"आणि रीत?"

प्रेमाने लाडवाचा कण मोडून माझ्या तळहातावर ठेवला. "ही झाली रीत. आता गोळी घेवा."

मी कण तोंडात टाकला. जेवण झाल्यावर गोळी घेतली. अक्षताने पाण्याचा पेला माझ्यासमोर सरकवला.

राजाराम लाडवांचं ताट घेऊन अजून तिथेच घुटमळत होता. मग ताट खाली ठेवून त्याने अक्षतापुढे बोट धरलं. "माझीपण बघ गो."

दोनशे अडुसष्ट. त्याला माहीतच नव्हतं. ओशाळून माझ्याकडे बघत म्हणाला, "भावजी, आता काय करूचा?"

"उद्या गावी जाऊ नकोस. सकाळी उपाशीपोटी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

"तुम्ही जातलास?"

"जाणार," मी म्हणालो. अक्षताने लगेच दवाखान्यात फोन लावला आणि आम्हा दोघांची नावं दिली.