अहिंसक काडतूस

पितळेवर हळदीचा डाग होता. बोटभर लांबीचं, आत दारू नसलेलं, कधीतरी नमुना म्हणून आलेलं काडतूस. एसीच्या झोतात पोळ्यांचा कागद उडू नये म्हणून हेमचंद्र ते वापरायचा. पण आज संकष्टी, डबा आणलाच नव्हता. म्हणजे डाग कालचा. काल बटाट्याची भाजी होती... असल्या तपासात मन गुंतवलं की समोरच्या स्क्रीनकडे बघावं लागत नाही. स्क्रीनवर फॉर्म होता आणि फॉर्ममध्ये एकच चौकोन रिकामा होता – काडतूस कोणतं.

दुबईच्या बर दुबई भागातल्या ह्या ऑफिसातून लोकांना आफ्रिकेत शिकारीला पाठवलं जाई: तिकीट, परवाना, तिथे भाड्याने मिळणारी रायफल. अकरा वर्षं हेमचंद्र हे करत होता आणि अकरा वर्षांत त्याने अंडंही खाल्लं नव्हतं. ह्यात त्याला विसंगती दिसत नसे. पत्रात काय लिहिलंय ह्याला पोस्टमन जबाबदार नसतो. फक्त संकष्टीला तो शिकारीचे फॉर्म भरत नसे, नुसती हॉटेलं बुक करी. गणपतीलाही ही सोय पटली असावी. पगार वेळेवर होत होता.

गेल्या वर्षी मात्र अलीमियाँचा फॉर्म नेमका संकष्टीला आला आणि त्याच दिवशी जायला हवा होता. अलीमियाँ शारजातले टाइल्सचे व्यापारी, मूळचे हैदराबादचे, साठी उलटलेले. आयुष्यात एकदा एलंड मारायचं होतं त्यांना – बैलाएवढं हरीण. तिथल्या गाइडने लिहिलं होतं, मधल्या बोअरचं, म्हणजे मध्यम जाडीच्या गोळीचं द्या, तीनशे पंचाहत्तर. आणि हेमचंद्रने, पोटात दोन केळी आणि बिनदुधाचा चहा, यादीतलं तीनशे आठ निवडलं. लहान आहे. लहान गोळी, लहान जखम, लहान पाप... वरी चालते, तांदूळ चालत नाही. शेंगदाणे चालतात, डाळ चालत नाही. तसं तीनशे आठ उपासाला चालत असावं – असं शब्दांत नव्हे, पोटातच कुठेतरी वाटून गेलं. गाइडने एकदा विचारलं. 'क्लायंटची तीच पसंती आहे,' हेमचंद्रने कळवलं.

गोळी बरोबर जागी लागली. गाइडच्या मेलमध्ये तसं स्पष्ट होतं: नेम चोख, पण गोळी खांद्याच्या हाडातच अडली. जनावर दोन दिवस चालत राहिलं. मेल हेमचंद्रला आला, कारण सगळेच मेल त्याला येत, आणि त्याने तो एका फोल्डरमध्ये ठेवून फोल्डरला नाव दिलं – 'इतर'.

मग वर्षभर तो वाचत राहिला. सकाळी शारजाहून येताना, गाड्यांची रांग मुंगीच्या पायांनी सरकत असताना, स्टिअरिंगवर फोन टेकवून – कुठली गोळी किती खोल जाते, कुठलं हाड केवढं जाड...

"अहो, पुढची गाडी गेली! मागचा हॉर्न मारमारून दमला," शेजारून बायको, शालिनी, म्हणायची. "वाचताय काय एवढं?"

"ऑफिसचं."

"ऑफिसचं वाचताना तुम्ही कधीपासून ओठ हलवायला लागलात?"

त्याला आता सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. अलीमियाँ पुन्हा निघाले होते आणि त्यांचा फॉर्म पुन्हा संकष्टीलाच आला होता. ह्या खेपेला गाइडने दोन पर्याय दिले होते, दोन्ही मधल्या बोअरचे, दोन्ही एलंडला पुरे: तीनशे पंचाहत्तर, किंवा नऊ-तीन. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का नऊ-तीनचा जरा कमी. ज्याला धक्क्याची धास्ती आहे, त्याने नऊ-तीनच घ्यावं. घाबरून चुकवलेल्या मोठ्या गोळीपेक्षा शांतपणे मारलेली मधली बरी. सरळ उत्तर होतं. आणि तरी हात पुढे जाईना – कारण नऊ-तीन जरासं लहान होतं. ही निवड मी वर्षभर वाचलं म्हणून करतोय की आज पुन्हा पोटात केळी आहेत म्हणून? मन खोटं बोलतंय का, हे तपासायला माझ्याकडे दुसरं मन कुठाय?

"यल्ला, जल्दी कीजिए, हेमचंद्रजी," पलीकडच्या टेबलावरून सुमैय्या म्हणाली. "चार बजे तक भेजना है. और अलीमियाँ साहब आ गए."

अलीमियाँ आले ते हातात कागदी कप घेऊन, काठोकाठ करक चहाने, दाट दुधाच्या कडक चहाने भरलेला. दुसऱ्या हातात खजुरांची पेटी. "आज आपका फास्ट है ना? पिछले साल भी था, मुझे याद है. चाय मेरी, खजूर आपके."

पेटी टेबलावर आली. हेमचंद्रला वाटलं, ह्या माणसाने शिव्या आणल्या असत्या तर ठेवायला जागा होती.

"इस बार आप जो बोलो वही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पिछली बार गलती मेरी थी. हाथ काँप गया होगा. दो दिन चला बेचारा... साल भर से शूटिंग रेंज पे जा रहा हूँ, हबीबी. ट्रिगर पे उंगली रखी नहीं के आँखें बंद. बेटा बोलता है, छोड़ दो अब्बा, उम्र हो गई."

"और आप?"

"मैं बोलता हूँ, एक बार ठीक से हो जाए. फिर खलास."

बोलताना त्यांचा कपाचा हात हवेत एलंड काढत होता – इथे शिंगं, इथे खांदा. काठोकाठ चहा. हेमचंद्र बघत राहिला. एक थेंब सांडला नाही.

मी सांगू शकतो. एकच वाक्य आहे, हाथ आपका नहीं काँपा था. ते वाक्य ह्यांच्या कानात गेलं तर कदाचित डोळे मिटणार नाहीत, आणि मग कुठलंही काडतूस चालेल; नाही गेलं तर ह्या चौकोनात काहीही लिहा... म्हणजे वर्षभर मी भरत होतो तो चौकोन मुळी काडतुसाचा नव्हताच.

"क्या हुआ?" अलीमियाँनी विचारलं. "बड़ी वाली लिखें?"

हेमचंद्रने काडतूस उचललं. तळहातावर ते स्थिर राहीना, इकडून तिकडे बारीक डुलत होतं. डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, गेला नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर रात्री शालिनी ताम्हन घेऊन उभी राहील, चंद्र वेळेवर उगवेल, त्याच्याकडून आजवर कधी चूक झालेली नाही – पण आजचा उपास तेवढ्याने सुटणार नव्हता, हे त्याला पहिल्यांदाच, भुकेइतकं साफ कळलं.

"अलीमियाँ," तो म्हणाला, आणि स्क्रीनवर 'इतर' नावाचं फोल्डर उघडलं.