टोपलंभर कण्हेर

माहं तोंड वाईट आहे. अड्याळात कोणालेही विचारा, कौशल्याबाई म्हणलं की लोक आधी हसतात आणि मंग मी आसपास तर नाही ना, हे पाहतात. मले त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं बोलाले कशाची लाज, असंच म्हणत आली मी आजवर. अन् यंदाच्या दसऱ्याले खरं बोलाची पाळी आली, तेव्हा ह्याच तोंडाले कुलूप लागलं.

आमची सून टीना भंडाऱ्याची. बापाचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लग्नाले सहा महिने झाले होते आणि दसऱ्याले तिचे मायबाप पहिल्यांदा आमच्या घरी जेवाले येणार होते. त्याच्यासाठी माह्या लेकानं, भूपेंद्रनं, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणलं. आमच्या घरात आजवर सगळे पाटावर बसून जेवले, आता म्हणे पाय लटकवून जेवायचं. मी म्हणलं, आणा बापा, राज्य तुमचं आहे.

आदल्या दिवशी टीना माह्याजवळ आली. आई, टेबल सजवायचं आहे, परसातला थोडा झेंडू घेऊ का, म्हणाली. तिनं मोबाईलवर पाह्यलं होतं, टेबलाच्या मधोमध फुलापानांचा लांब पट्टा मांडतात आणि दोन्ही बाजूनं ताटं. मी सरळ नाही म्हणलं. झेंडू देवाचा, विळ्या-कुदळीचा, ट्रॅक्टरचा. उष्ट्या हातांच्या मधात ठेवाले मी तो लावला नाही. खरं सांगू का, परसात दोन ओळी झेंडू होता, ओंजळीनं नाही, टोपल्यानं तोडला तरी सरला नसता. मले फक्त नाही म्हणायचं होतं. पोट्टीनं मान हलवली आणि गेली.

दसऱ्याच्या सकाळी पाहते तर तिनं कुंपणाची कण्हेर छाटून आणली. ती कण्हेर आमच्या ह्यांनी लावली होती. ते जाऊन चार वर्षं झाली, पण कुंपण तसंच आहे, कारण कण्हेरीले जनावर तोंड लावत नाही. टीनानं ती लांब लांब पानं टेबलावर एकावर एक अशी रचली की चटई विणल्यासारखी दिसाले लागली. मधात बांधावरून आणलेल्या धानाच्या लोंब्या खोचल्या. बापानं आंदण दिलेल्या पितळी परातीत पाणी घातलं आणि त्यावर गुलाबी कण्हेरीची फुलं सोडली. दोन तास खपली बिचारी. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती.

मी म्हणलं, कोणाची तिरडी सजवून राहिली का व माय.

दिसत होतं सुंदर. म्हणूनच बोलली मी.

बारा वाजता तिचे मायबाप आले. बाप चंद्रकुमार, शांत माणूस. माय शकुनबाई, बोलाले गोड. टेबल पाहून शकुनबाईचे डोळे भरून आले, आणि मलेच म्हणाल्या, ताई, तुम्ही शिकवलं असेल हे सगळं. मी म्हणलं, आमच्या घरी फुलं देवाले लागतात, आता जेवणाऱ्यालेही लागून राहिली. चंद्रकुमारनं वरण मागितलं. भूपेंद्रनं माह्याकडे असं पाह्यलं की दुसऱ्या मायनं मान खाली घातली असती.

जेवणं झाली. केळीच्या पानांवर खीर उरली होती, पुऱ्यांचे तुकडे होते, वरणभात होता. पंख्याच्या वाऱ्यानं कण्हेरीची पानं सुकून मलूल झाली होती, त्यावरही खीर सांडली होती. मी टोपलं आणलं आणि हातानं टेबल निपटून काढलं. केळीची पानं, उष्टं, लोंब्या, कण्हेर, सगळं टोपल्यात. शकुनबाईले दाखवायचं होतं मले, की आमच्याकडे काही वाया जात नाही, आमच्या घरी गाय आहे.

टीना हळूच म्हणाली, "आई, त्यात कण्हेर आहे."

मी तिच्या मायसमोर तिले झाडलं. आता तू मले गाय शिकवशील का, म्हणलं. जनावर कण्हेर निवडून बाजूले टाकते, त्याले तुह्याहून जास्त अक्कल आहे. आणि टोपलं उचलून गोठ्यात गेली.

ती गाय म्हणजे काबरी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. तिची माय आटली तेव्हा बाटलीनं दूध पाजून मी तिले वाढवली. मी परसात गेली की माह्या पदराले नाक घासायची. आता गाभण होती, विताले दीड महिना राहिला होता. टोपलं मी गव्हाणीत उपडं केलं आणि वळली. उभं राहून पाह्यलं असतं तर दिसलं असतं. पण मले घरात जाऊन पाहुण्यांले विड्याचं पान लावायचं होतं आणि अजून दोन गोष्टी बोलायच्या होत्या.

जनावर कण्हेर खात नाही हे खरं आहे. पण ती हिरवी, कडू, झाडावरची कण्हेर. सुकलेली, खिरीनं माखलेली कण्हेर निवडाले गायीले कोणी सांगावं?

तीन-सव्वातीनले भूपेंद्रनं गोठ्यातून हाक मारली. काबरीच्या तोंडातून लाळेची तार लागली होती, दात कराकरा वाजत होते, मागचे पाय थरथरत होते. कान थंडगार. शेजारचे केशवराव धावत आले. पोट फुगलं, चालवा तिले, बसू देऊ नका, म्हणाले. भूपेंद्र तिले दोरानं ओढत आंगणात फिरवाले लागला. ती चार पावलं चालायची आणि थांबायची. चंद्रकुमारनं जनावराच्या डॉक्टरले फोन लावला.

मी गव्हाणीत पाह्यलं. गव्हाण साफ होती. चाटूनपुसून साफ. कोपऱ्यात दोन पानं चिकटून होती.

मले तेव्हाच समजलं. आणि तरी मी तोंड उघडलं नाही. इहीणबाई बाजूले उभ्या होत्या, सून बाजूले उभी होती, ज्या सुनेले मी दोन तासांआधी गाय शिकवू नको म्हणलं होतं. मी मनात म्हणलं, फुगलंच असेल पोट. केशवराव म्हणून राहिले, तर असेल. भूपेंद्र गायीले ओढत होता, आणि मी पाहत होती. अर्धा-पाऊण तास मी पाह्यलं.

डॉक्टर मोटरसायकलवर आले. तरुण होते. छातीले नळी लावून ऐकलं आणि पहिलीच गोष्ट म्हणाले, फिरवणं बंद करा, हिच्या हृदयाचे ठोके चुकून राहिले आहेत. काय खाल्लं हिनं? भूपेंद्रनं सांगितलं, कुटार आणि ढेप, रोजचंच. डॉक्टर गव्हाणीजवळ गेले, वाकले आणि चिकटलेल्यातलं एक पान बोटात धरून बाहेर आले.

"ही कण्हेर आहे. कोणी टाकली?"

माह्या तोंडातून काय निघालं ते मी आजही ऐकते. मी म्हणलं, "माह्या घरी टेबलावर कण्हेर कोणी मांडली, तिले विचारा."

सगळ्यांनी टीनाकडे पाह्यलं. तिच्या मायनं, बापानं, नवऱ्यानं, केशवरावांनी. टीनानं माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता सांगते ही. सांगू दे. सगळं सांगू दे, मी ऐकून घेते.

ती म्हणाली, "मी टाकली."

भूपेंद्रनं दोर खाली टाकला आणि शिव्या घालू नये म्हणून तोंड फिरवलं. डॉक्टरनं विचारलं, किती पानं होती. टीना म्हणाली, पाच-सहा असतील, बाकीची कचऱ्यात गेली. डॉक्टरच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एवढ्याले औषधानं भागू शकते, म्हणाले. जास्त असतं तर पोट उघडून काढावं लागलं असतं, त्याले पवनीहून सामान आणि दुसरे डॉक्टर बोलवावे लागतात. त्यांनी कोमट पाणी मागितलं. केशवराव पाणी आणाले आपल्या घरी गेले आणि जाता जाता कोणाले तरी फोनवर सांगत गेले, की सुनेनं कण्हेर खाऊ घातली.

डॉक्टरनं सुई दिली. कोमट पाण्याची वाट न पाहता आंगणातल्या थंड पाण्यातच कोळशाची काळी पूड कालवून नळीनं घशात सोडली. मी खांबाले धरून उभी होती. ते टोपलं माह्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, काठोकाठ भरलेलं. पोट्टी पाच-सहा म्हणून राहिली आणि डॉक्टर पाच-सहाचंच औषध देऊन राहिले. दोन वेळा तोंड उघडलं, दोन वेळा आवाज निघाला नाही. मंग काबरी बसली. बसली म्हणजे पुढचे पाय दुमडून पडलीच. आणि मान वळवून माह्याकडे पाहाले लागली. कोणाकडे पाहील दुसऱ्या?

"डॉक्टरसाहेब, पोट्टी खोटं बोलून राहिली," मी म्हणलं. "मी टाकली. टोपलंभर टाकली. हिनं मले सांगतलं होतं कण्हेर आहे म्हणून."

डॉक्टरनं हातातली नळी ठेवली आणि पवनीले फोन लावला. सामान घेऊन निघाले म्हणे, पाऊण तास लागेल. शकुनबाई माह्याकडे न पाहता लेकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. केशवराव पाण्याची बादली घेऊन आले, तोपर्यंत माहं बोलून झालं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही आणि कोणी त्यांना सांगतलंही नाही.

पवनीची गाडी पोचायच्या वीस मिनिटं आधीच सगळं संपलं होतं. काबरीनं एकदा पाय ताणले, मंग नाही हलली. पोटातलं वासरू बराच वेळ हलत होतं. माहा हात तिथंच होता. त्याचं काय सांगू तुम्हाले.

डॉक्टर हात धुताना मले बाजूले घेऊन म्हणाले, "मावशी, वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण जनावर थरथरलं तेव्हाच सांगितलं असतं, तर चान्स होता."

चंद्रकुमार आणि शकुनबाई भंडाऱ्याले निघाले. शकुनबाईनं लेकीले विचारलं, चार दिवस चालतेस का. टीना म्हणाली, आज नाही, आज सोनं द्याले लोक येतील. भूपेंद्र आणि चार माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काबरीले घालून वावरात गेले. माह्याशी तो बोलला नाही.

टीना रिकाम्या गोठ्यात बसून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसली. ती म्हणाली, आई, मी पाच-सहा म्हणलं म्हणून गाय गेली का. तुमचा चेहरा पाह्यला आणि मले वाटलं, आता माणसांत तुमची... पुढचं तिले बोलवलं नाही. आणि मले तर जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. जिचा मी सकाळपासून जीव खाल्ला, तिले माह्या चेहऱ्याची दया आली होती. डॉक्टर जे बोलले ते मी तिले अक्षर न अक्षर सांगतलं. म्हणलं, तुह्या खोट्यानं नाही, माह्या चूप राहण्यानं गेली. तू बोलली तेव्हा मी तुले बोलू दिलं, आणि मले बरं वाटलं होतं. हे पण ऐकून ठेव. तिनं ऐकलं. उठून गेली नाही.

सात वाजता लोक याले लागले. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याचं पान हातात द्यायचं, सोनं घ्या म्हणायचं आणि थोरांच्या पाया पडायचं. आमच्या गल्लीत थोर मीच. मी ओसरीत खुर्ची टाकून बसली, दरवर्षी बसते तशी. पहिली आली केशवरावांची सून रीता. तिनं सोनं दिलं आणि वाकता वाकता हळूच म्हणाली, काकू, काय करता, सून शहरातली आहे, तिले गायीचं काय समजते. जाऊ द्या.

मी पाय मागे घेतले.

म्हणलं, "थांब. पाया पडू नको, आधी ऐक. गाय मी मारली. टीनानं सांगतलं होतं कण्हेर आहे, मी तिचं ऐकलं नाही. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तिचं नाव पुढं केलं. आता पडायचं असेल तर पड."

रीता वाकलेली तशीच राहिली, मंग घाईनं पाया पडून गेली. तिच्यामागं बाबुलाल पाटीदार आला, त्याले सांगतलं. मंग ग्रामपंचायतीचा चपराशी इश्वर आणि त्याची बायको आले, त्यांना सांगतलं. शाळेतल्या पोट्ट्या आल्या पाच जणी, हसत खिदळत, त्यांनाही सांगतलं. कोणी मान खाली घातली, कोणी, होते असं कधी कधी, म्हणालं, एक जण पाया न पडताच गेली. मांडीवर सोन्याच्या पानांचा ढीग झाला. प्रत्येक वेळेस वाटायचं, आता सवय होईल, आता आवाज नाही कापणार. तो कापतच होता.

टीना बाहेर आली. डोळे सुजलेले होते. तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, बस करा आता."

मी म्हणलं, "बस कसं करू? अजून अर्धं गाव यायचं आहे."